उतरंड मैदानावरची : अमेरिकेतल्या कॉलेजांवर ‘दर्जा’च्या पाट्या कोण लावतं?

गेल्या वर्षी आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीला अमेरिकेतल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. पेढे वाटून झाले, बुद्धविहारात तिचा छोटासा सत्कारही झाला. त्याच रात्री वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका काकांनी कॉलेजच्या संकेतस्थळाचा फोटो टाकला. त्यावर ‘डिव्हिजन थ्री’ असे शब्द होते. खाली काकांचा प्रश्न : “म्हणजे थर्ड क्लास कॉलेज आहे का हे? एवढ्या लांब जाऊन?” काकांचा हेतू वाईट नव्हता. आयुष्यभर सरकारी कार्यालयात वर्ग तीन आणि वर्ग चार यांतला फरक अंगावर काढलेला माणूस तो. ‘तीन’ हा आकडा त्यांना जसा वाचता येतो तसा त्यांनी वाचला. मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत आली ती उतरलेल्या चेहऱ्याने.

खरं सांगायचं तर आम्हालाही तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून शोधायला बसलो. पहिल्याच तासात कळलं ते असं : ‘डिव्हिजन थ्री’ हा कॉलेजच्या शिक्षणाचा दर्जा नसून त्याच्या खेळांच्या कारभाराचा वर्ग आहे. जगातल्या तंत्रशिक्षणाचं शिखर मानली जाणारी एमआयटी याच वर्गात आहे. कॅलटेक, शिकागो विद्यापीठ आणि न्यूयॉर्क विद्यापीठही इथेच. काकांना हे सांगितलं, त्यांनी हात जोडलेलं चिन्ह पाठवलं, विषय मिटला. आमच्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. संस्थांना आणि माणसांना एकावर एक रचून ठेवणारी व्यवस्था दिसली की आपल्याला ती खालून तपासायची सवय आहे. हा लेख त्या सवयीतूनच आला आहे.

पाटी नेमकी कशाची?

अमेरिकेत कॉलेजचे खेळ म्हणजे आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नव्हेत. तिथे काही विद्यापीठांच्या मैदानांत एका सामन्याला लाखभर प्रेक्षक बसतात आणि सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क अब्जावधी डॉलरना विकले जातात. अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर हा राज्यपाल नसतो, सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. (फुटबॉल म्हणजे अर्थातच हातात अंडाकृती चेंडू घेऊन, शिरस्त्राण घालून खेळायचा अमेरिकी फुटबॉल.) या सगळ्यावर देखरेख करणारी मुख्य संघटना म्हणजे एनसीएए. मैदानावर मुलं मरू लागली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लक्ष घातल्यावर १९०६ मध्ये तिची स्थापना झाली. आज तिची सुमारे अकराशे कॉलेजं सदस्य आहेत आणि पाच लाखांहून अधिक खेळाडू तिच्या नियमांखाली खेळतात.

१९७३ मध्ये एनसीएएने कॉलेजांचे तीन वर्ग केले. पहिल्या डिव्हिजनमध्ये आज साडेतीनशेहून अधिक कॉलेजं आहेत, दुसऱ्यात तीनशेच्या आसपास आणि तिसऱ्यात चारशेहून जास्त. म्हणजे सर्वांत मोठा वर्ग तिसरा. पहिल्या डिव्हिजनमध्ये राहायचं तर किमान चौदा खेळांचे संघ चालवावे लागतात आणि खेळाडूंना शिष्यवृत्ती द्यायची मुभा असते. दुसऱ्यात अर्धी-मुर्धी शिष्यवृत्ती. तिसऱ्यात खेळासाठी शिष्यवृत्ती अजिबात नाही. तिथला खेळाडू आवड म्हणून खेळतो आणि इतर विद्यार्थ्यांसारखीच फी भरतो किंवा इतरांसारखीच गरजेनुसार मदत मिळवतो. थोडक्यात, ही पाटी ‘किती चांगलं खेळता’ याची नाही, ‘खेळावर किती आणि कसा खर्च करता’ याची आहे.

शिकागो विद्यापीठाची कथा इथे सांगायलाच हवी. हे विद्यापीठ एकेकाळी बिग टेन या बलाढ्य गटाचं संस्थापक सदस्य होतं. कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च वैयक्तिक सन्मान, हाइसमन करंडक, १९३५ मध्ये पहिल्यांदा दिला गेला तो शिकागोच्याच खेळाडूला, जे बर्वांगर यांना. चारच वर्षांनी, १९३९ मध्ये, विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी फुटबॉल संघ बंद करून टाकला. विद्यापीठाचं काम वेगळं आहे, असं त्यांचं म्हणणं. पुढे शिकागो बिग टेनमधूनही बाहेर पडलं. काही दशकांनी फुटबॉल परत आला, पण लहान पायरीवर, आणि आज ते तिसऱ्या डिव्हिजनमध्ये सुखात आहे. त्यानंतरच्या काळात शिकागोची विद्यापीठ म्हणून प्रतिष्ठा घटली, असं कोणी म्हणू शकणार नाही. स्वतःहून खाली उतरता येणं हीसुद्धा ज्यांच्याकडे दुसरं भांडवल असतं त्यांचीच चैन असते, हे आम्ही विसरत नाही. तरी काकांना सांगायला हे उदाहरण चांगलं होतं.

वरच्या मजल्यावरचे मजले

अधिकृत वर्ग तीन. पण पहिल्या डिव्हिजनच्या आत शिरलात की कळतं, खरी उतरंड तिथून सुरू होते. १९७८ मध्ये फुटबॉलसाठी पहिल्या डिव्हिजनचे दोन तुकडे झाले : वन-ए आणि वन-डबल ए. २००६ मध्ये त्यांची नावं बदलून एफबीएस आणि एफसीएस झाली. खालच्या तुकड्याला ‘डबल ए’ म्हणवून घ्यायला कमीपणा वाटत होता, म्हणून नाव बदललं. पैसा आणि नियम होते तिथेच राहिले. नाव बदलून दर्जा बदलत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

एफबीएसच्या आत पुन्हा दोन थर. काही गटांना ‘पॉवर’ म्हणतात, उरलेल्यांना ‘ग्रुप ऑफ फाइव्ह’. बास्केटबॉलमध्ये मधल्या थराला ‘मिड-मेजर’ हा शब्द १९७० च्या दशकापासून चालत आला आहे. हे शब्द एनसीएएने दिलेले नाहीत. ते वार्ताहरांनी, वाहिन्यांनी आणि करार लिहिणाऱ्यांनी रुळवले. पण एकदा शब्द रुळला की नियमही त्याच्या मागे येतात. २०१४ मध्ये एनसीएएने पाच मोठ्या गटांना स्वतःपुरते काही नियम स्वतः ठरवण्याची ‘स्वायत्तता’ दिली. बाजारातली पाटी अशी घटनेत आली. आणखी एक गंमत : एनसीएए जवळजवळ प्रत्येक खेळाची अधिकृत विजेतेपद स्पर्धा भरवते, पण एफबीएस फुटबॉलची नाही. सगळ्यात जास्त पैसा असलेली ती स्पर्धा मोठे गट स्वतः चालवतात. तिजोरीची किल्ली त्यांनी कधी सार्वजनिक कपाटात ठेवलीच नाही.

याचं मूळ १९८४ मध्ये आहे. तोपर्यंत कुणाचा सामना टीव्हीवर किती वेळा दाखवायचा हे एनसीएए ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएचं नियंत्रण मक्तेदारी ठरवून मोडीत काढलं. मक्तेदारी मोडली हे चांगलंच वाटतं. पण रेशनिंग उठलं की धान्य कुणाच्या कोठारात जातं, हे पाहायला हवं. प्रत्येक गट आपापला करार करू लागला, ज्यांचं नाव मोठं त्यांना जास्त पैसा मिळू लागला, त्या पैशातून मोठी मैदानं आणि मोठे प्रशिक्षक आले आणि नाव आणखी मोठं झालं.

पाटी खेळाची नसून कराराची आहे, याचा सर्वांत उघडा पुरावा पॅसिफिक किनाऱ्यावर मिळाला. पॅक-१२ हा शंभरहून अधिक वर्षांचा वारसा सांगणारा ‘पॉवर’ गट होता. २०२२ मध्ये त्यातल्या यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेनमध्ये जाण्याचं जाहीर केलं. २०२३ च्या उन्हाळ्यात नव्या प्रक्षेपण कराराची बोलणी फिसकटली आणि गट काही आठवड्यांत कोसळला. दहा विद्यापीठं इकडे-तिकडे गेली, मागे उरली ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. या दोघांचं मैदान तेच, प्रेक्षक तेच, कसरतीची खोली तीच. तरी ‘पॉवर फाइव्ह’चे ‘पॉवर फोर’ झाले आणि हे दोघे एका हंगामात पायरी उतरले. त्यांना कोणी मैदानावर हरवलं नव्हतं. शेजारी घर सोडून गेले, एवढंच.

आणि गेलेले तरी कुठे गेले? कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठं अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये! प्रशांत महासागराच्या काठावरून अटलांटिकच्या गटात, तेही सुरुवातीची वर्षं प्रक्षेपणाचा कमी वाटा घेऊन. टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने तर त्याच गटात शिरण्यासाठी नऊ वर्षं प्रक्षेपणाच्या पैशावर पाणी सोडलं. वरच्या पंगतीत बसायला मिळतंय ना, मग ताट रिकामं असलं तरी चालेल. यात हसण्यासारखं काही नाही. पंगत बदलली की पुढच्या पिढीची सोयरीक बदलते, हा हिशेब त्यांनी केला आहे.

जिंकूनही

मग मैदानावर जिंकून पायरी चढता येते का? २०१७ च्या हंगामात ‘ग्रुप ऑफ फाइव्ह’मधल्या सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाने एकही सामना गमावला नाही. शेवटच्या सामन्यात त्यांनी ऑबर्नला ३४–२७ असं हरवलं, आणि ऑबर्नने त्याच हंगामात अलाबामा आणि जॉर्जिया या दोघांना हरवलं होतं. अंतिम विजेतेपदाचा सामना झाला तो अलाबामा आणि जॉर्जिया यांच्यात. सेंट्रल फ्लोरिडाला निवड समितीने बाराव्या क्रमांकावर ठेवलं होतं. चार संघांच्या स्पर्धेत त्यांना जागाच नव्हती. समितीचं म्हणणं, तुमचे प्रतिस्पर्धी कमकुवत होते. पण हंगामाचं वेळापत्रक वर्षानुवर्षं आधी ठरतं आणि मोठे संघ अशा संघांशी, विशेषतः त्यांच्या मैदानावर, खेळायला फारसे तयार नसतात. आम्ही तुमच्याशी खेळणार नाही, आणि तुम्ही आमच्याशी खेळला नाहीत म्हणून तुम्हाला गुण देणार नाही. ज्याला विहिरीवर येऊ द्यायचं नाही त्यालाच अस्वच्छ म्हणायचं, या तर्काची ओळख आपल्याला आहे.

दबाव वाढला, २०२१ मध्ये सिनसिनाटी हा खालच्या थरातला पहिला संघ चौघांत आला. २०२४ पासून स्पर्धा बारा संघांची झाली आणि गटविजेत्या पाच संघांना जागा राखली गेली. नियम असा होता की, विजेत्यांपैकी वरचे चार पहिली फेरी न खेळता थेट पुढे जातील. पहिल्याच वर्षी खालच्या थरातल्या बॉइसी स्टेटला त्या नियमामुळे तिसरं मानांकन आणि थेट प्रवेश मिळाला. पुढच्याच उन्हाळ्यात तो नियम रद्द झाला. आता मानांकन केवळ समितीच्या क्रमवारीनुसार. बॉइसी पुढचा सामना हरली होती आणि नियम बदलण्याची इतरही कारणं सांगितली गेली, ती आम्ही नाकारत नाही. पण खालच्याला पुढची खुर्ची मिळाली आणि वर्षाच्या आत खुर्च्यांची मांडणी बदलली, हा क्रमही डोळ्यांआड करता येत नाही.

दार मात्र पूर्ण बंद नाही. जेम्स मॅडिसन विद्यापीठ २०२१ पर्यंत एफसीएसमध्ये होतं. २०२२ मध्ये ते वर आलं, संक्रमणाच्या काळात नियमांनी त्याला बक्षिसाच्या सामन्यांपासून लांब ठेवलं, आणि २०२५ च्या हंगामात ते बारा संघांत पोहोचलं. पण त्याच्या मागून येणाऱ्यांसाठी शिडी महाग झाली आहे. एफसीएसमधून एफबीएसमध्ये यायचा अर्ज करण्याची फी पाच हजार डॉलर होती. २०२३ मध्ये ती पन्नास लाख डॉलर केली गेली. हजारपट. वर एखाद्या गटाचं आमंत्रणही लागतं. तुम्ही कितीही लायक असा, आतल्या कोणीतरी दार उघडलं पाहिजे.

कृष्णवर्णीयांची कॉलेजं

ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते आता. गुलामगिरीनंतर आणि वंशभेदाच्या काळात अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी जी कॉलेजं उभी राहिली, त्यांना ऐतिहासिक कृष्णवर्णीय कॉलेजं म्हणतात. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ज्यांना पत्र लिहिलं, ते डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस अशाच एका विद्यापीठात, फिस्कमध्ये, शिकले होते. आज यांतली एकही संस्था एफबीएसमध्ये नाही. पहिल्या डिव्हिजनमधली बहुतेक दोन गटांत, तीही एफसीएसच्या थरात. बाकीची त्याहून खाली.

नेहमी असं नव्हतं. दक्षिणेतली गोरी विद्यापीठं कृष्णवर्णीय खेळाडू घेत नसत, तेव्हा त्या भागातली जवळजवळ सगळी प्रतिभा या कॉलेजांत येत असे. लुईझियानातल्या ग्रॅम्ब्लिंगचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांनी १९४१ पासून १९९७ पर्यंत तिथे ४०८ सामने जिंकले. त्यांचाच विद्यार्थी डग विल्यम्स हा व्यावसायिक फुटबॉलमधला सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. वॉल्टर पेटन जॅक्सन स्टेटमधून आला, जेरी राइस मिसिसिपी व्हॅली स्टेटमधून. १९७० मध्ये यूएससीचा मिश्रवर्णीय संघ बर्मिंगहॅमला आला आणि त्याने अलाबामाच्या पूर्ण गोऱ्या संघाला ४२–२१ असं धुतलं. त्या सामन्यामुळेच दक्षिणेचं मन पालटलं, ही दंतकथा थोडी जास्तच गोड आहे. अलाबामाने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आधीच भरती केला होता. पण त्या सुमारास दारं उघडली हे खरं. आणि दारं उघडताच सर्वोत्तम कृष्णवर्णीय मुलं मोठ्या विद्यापीठांत गेली. त्यांनी जायलाच हवं होतं, यात आम्हाला शंका नाही. मात्र दारातून आत गेली ती माणसं. त्यांना घडवणाऱ्या संस्था बाहेरच राहिल्या, आणि पुढे त्यांची गरिबी हीच त्यांची ‘पातळी’ म्हणून मोजली गेली.

ही पातळी रोजच्या व्यवहारात कशी दिसते? जॉर्जियातल्या सव्हाना स्टेटने सप्टेंबर २०१२ मध्ये लागोपाठ दोन सामने खेळले. ओक्लाहोमा स्टेटकडून ८४–० असा पराभव. पुढच्या शनिवारी फ्लोरिडा स्टेटकडून ५५–०, तोही विजांच्या वादळामुळे सामना अर्धवट थांबवला म्हणून. या दोन सामन्यांचे त्यांना मिळून सुमारे ८ लाख ६० हजार डॉलर मिळाले. याला तिकडे ‘गॅरंटी गेम’ म्हणतात : मोठ्याने पैसे द्यायचे, लहानाने येऊन हरायचं. मोठ्याला एक सोपा विजय आणि तिकिटांचं उत्पन्न मिळतं, तर लहानाचा पूर्ण क्रीडा विभाग त्या चेकवर वर्षभर चालतो. म्हणजे मुलींचा सॉफ्टबॉल संघ बसने परगावी जाऊ शकावा म्हणून फुटबॉलची मुलं शनिवारी मार खातात. २०१९ मध्ये सव्हाना स्टेट दुसऱ्या डिव्हिजनमध्ये परतलं. आमच्या मते तो शहाणपणा होता, पण ती परवड टाळण्यासाठी कोणी वेगळी व्यवस्था केली असती तर तो निर्णय घ्यावा लागला नसता.

(कधीकधी लहानही जिंकतो. २००७ मध्ये एफसीएसच्या अॅपालाचियन स्टेटने पाचव्या क्रमांकाच्या मिशिगनला त्यांच्याच मैदानावर ३४–३२ असं हरवलं. तेव्हा वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत एफसीएस संघाला मत देण्याची सोयच नव्हती. ती नंतर केली गेली.)

अलीकडचं उदाहरण जॅक्सन स्टेटचं. डिऑन सँडर्स हे नामवंत माजी खेळाडू २०२० मध्ये तिथे प्रशिक्षक झाले. २०२१ मध्ये देशातल्या सर्वाधिक मागणीच्या शालेय खेळाडूंपैकी एक, ट्रॅव्हिस हंटर, मोठ्या विद्यापीठाचं बोलावणं सोडून जॅक्सन स्टेटला आला. कृष्णवर्णीय कॉलेजांत त्या दिवशी सणासारखं वातावरण होतं. एका हंगामानंतर सँडर्स कोलोरॅडोला गेले, हंटरही मागोमाग गेला, आणि २०२४ चा हाइसमन त्याने कोलोरॅडोच्या गणवेशात जिंकला. कोणाला दोष द्यायचा? एकट्या माणसाच्या खांद्यावर समाजाची संस्था उभी राहत नाही, हा धडा आपल्या चळवळीनेही किती वेळा गिरवला आहे.

जात नाही, पण

इथे सावध राहायला हवं. अमेरिकी कॉलेजांच्या डिव्हिजन म्हणजे जात नव्हे. त्या जन्माने मिळत नाहीत, रोटी-बेटीचे नियम त्यांना नाहीत, आणि तिसऱ्या डिव्हिजनच्या खेळाडूला कोणी अस्पृश्य मानत नाही. प्रत्येक विषमतेला जात म्हणून मोकळं होण्याने जातीचंच गांभीर्य कमी होतं. पण बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेबद्दल जे दाखवून दिलं, ते एक भिंग म्हणून इथे फार उपयोगी पडतं. साध्या विषमतेत वरचा आणि खालचा असे दोनच असतात, खालचे सगळे एक होऊ शकतात. श्रेणीबद्ध विषमतेत मधल्या प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असतो, त्यामुळे व्यवस्था मोडण्यापेक्षा आपली पायरी राखण्यात त्याला रस असतो.

२०२५ चा समझोता याच भिंगातून पाहा. आधी नावांचा इतिहास थोडा. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द एनसीएएने १९५० च्या दशकात घडवला. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका छोट्या कॉलेजचा खेळाडू रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. खेळाडू कामगार ठरू नये म्हणूनच हा शब्द वापरात आणला, हे एनसीएएचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे स्वतःच्या पुस्तकात मान्य केलं. सत्तर वर्षं हा शब्द भिंतीसारखा उभा होता. त्या काळात फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या संघांत कृष्णवर्णीय मुलांचा वाटा मोठा होत गेला आणि कमाई दुसऱ्यांच्या खिशात गेली. २०२१ मध्ये खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावायची परवानगी मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेल्या समझोत्यानुसार कॉलेजं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा कॉलेजमागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. शिवाय जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई.

हा न्याय आहे, उशिरा आलेला. पण पैसे कुठून येणार? भरपाईचा बहुतांश भाग मोठ्या गटांच्या माजी फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळाडूंना. आणि ती भागवण्यासाठी एनसीएए पहिल्या डिव्हिजनच्या सगळ्याच कॉलेजांना वाटायच्या निधीतून कपात करते. ज्या लहान गटांना त्या बाजाराचा फायदा झाला नाही, तेही हप्ता भरतात. त्यांनी आक्षेप घेतला, पण बाहेर पडायची धमकी दिली नाही. बाहेर पडले तर ‘पहिली डिव्हिजन’ ही पाटी जाईल. पायरी राखण्याची किंमत म्हणतात ती ही. वरच्या मजल्यावर मात्र वेगळंच चाललं आहे : राष्ट्रीय स्पर्धेच्या २०२६ पासूनच्या पैशात बिग टेन आणि एसईसी हे दोन गट मिळून निम्म्याहून जास्त घेणार, आणि ‘ग्रुप ऑफ फाइव्ह’च्या सगळ्यांना मिळून एक दशांशही नाही. ‘पॉवर फोर’चे ‘पॉवर टू’ व्हायला आता फार वेळ नाही असं आम्हाला वाटतं.

आणि आपलं कोलंबिया? ‘आयव्ही लीग’ हा शब्द आपल्या मुलांच्या तोंडी विद्वत्तेचा शिक्का म्हणून असतो. मुळात तो एका क्रीडागटाचं नाव आहे. कोलंबिया, हार्वर्ड, येल अशा आठ विद्यापीठांनी १९५४ मध्ये सर्व खेळांसाठी करार केला, तो हा गट. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते तेव्हा तो अस्तित्वातच नव्हता. कोलंबियाने तर १९०५ च्या हंगामानंतर फुटबॉल बंद केला होता. तो १९१५ मध्ये परत आला, म्हणजे बाबासाहेब ग्रंथालयात बसत होते त्याच काळात. आयव्ही लीग पहिल्या डिव्हिजनमध्ये आहे, पण फुटबॉलमध्ये एफसीएसच्या थरात, आणि खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही. २०२५ च्या समझोत्यातही ती सामील झाली नाही. १९८० च्या दशकात कोलंबियाचा संघ लागोपाठ ४४ सामने हरला. जगात कोणीही त्यामुळे कोलंबियाला हलकं लेखलं नाही. सव्हाना स्टेट हरलं की ती त्याची लायकी, कोलंबिया हरलं की ती एक मजेदार आठवण.

आमच्या मुलांना याचा व्यवहारी उपयोग आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. अर्ज करताना कोणती यादी कशाची आहे हे नीट पाहा; क्यूएस क्रमवारी, एनसीएएची डिव्हिजन आणि आयव्हीची पाटी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक उत्तम छोटी कॉलेजं, जी फक्त पदवीचं शिक्षण देतात, जागतिक क्रमवारीत दिसतच नाहीत, कारण ती यादी संशोधन करणाऱ्या मोठ्या विद्यापीठांसाठी बनलेली आहे. शिष्यवृत्तीची अट बदलावी, निदान विषयवार पाहिली जावी, हा मुद्दा विद्यार्थी संघटनांनी उचलायला हवा. त्यावर स्वतंत्र लिहू.

ती मुलगी ऑगस्टमध्ये गेली. पहिल्या महिन्यात तिने कॉलेजच्या व्हॉलीबॉल सामन्याचा व्हिडिओ पाठवला. तिच्या प्रयोगशाळेतली जोडीदारीण त्या संघात खेळते, सामन्याच्या आदल्या रात्री दोघी अकरापर्यंत प्रयोगाचा अहवाल लिहीत होत्या. प्रेक्षकांत पन्नास-साठ माणसं असतील, तिकीट नाही. ग्रुपवर काकांनी विचारलं, “जिंकले का मग?” हरले होते. काकांनी लिहिलं, “हरकत नाही. पुढचा सामना कधी आहे?”